बारा व्होल्टची ओळ

ती ओळ मीच लिहिली होती. "बारा व्होल्ट, झीरो धोका." पत्रकाच्या अगदी शेवटी, चौकटीत, ठळक अक्षरांत.

पत्रक होतं शेताच्या कुंपणाला घरची लाईन जोडण्याविरुद्ध. रानडुकरं हरभऱ्यात शिरतात म्हणून आमच्या बोरीच्या शिवारात काहीजण तारेत सरळ खांबावरचा करंट सोडायचे. सकाळी गवताला निघालेल्या बाईला ती तार दिसणार कशी? मला याचा भयंकर संताप होता, अजून आहे. डुकरांचा बंदोबस्त करा म्हणून अर्ज न्यावा तर टेबलामागचा माणूस म्हणतो, आधी नुकसान होऊ द्या, मग पंचनामा करू. हे सगळं मी तीन परिच्छेदांत झोडपून काढलं. नुसतं 'करू नका' म्हटलं तर लोक विचारणारच, मग करायचं काय? म्हणून खाली लिहिलं, बॅटरीवरचं झटका मशीन लावा. घोषणा जुळली, छापून आणली. पिठाच्या गिरणीसमोर उभं राहून मोठ्यानं वाचलीसुद्धा.

आठवड्यानं मामाचा फोन आला. "ये बाई शेतात. तुजं मशीन केलंय."

माझं मशीन म्हणजे काय, ते बांधावर पोचल्यावर कळलं. तेलाच्या कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यात फवारणीच्या पंपाची बॅटरी होती. शेजारी मामाच्या जुन्या फटफटीची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी ती काळी नळी. मधे करंट सारखा जोडणारा-तोडणारा एक छोटा रिले, टर्रर्र वाजत बसलेला. कॉइलची एक वायर जमिनीत खुपसलेल्या गजाला, दुसरी कुंपणाच्या तारेला. मोबाइलवर व्हिडिओ बघून मामानं हे जमवलं होतं.

"इकतच्या मशीनला काय सोनं लागलंय?" मामा म्हणाला. "बाराच व्होल्ट हायेत." खिशातून माझं पत्रक काढून त्यानं चौकटीवर बोट ठेवलं. "कायबी होत न्हाई, बघ."

आणि तार धरली.

व्हिडिओतला माणूस बूट घालून कोरड्या फरशीवर उभा असणार. मामा नुकतंच पाणी दिलेल्या हरभऱ्यात अनवाणी होता. त्याची मूठ आवळली आणि तशीच राहिली. मान थोडी वाकडी झाली. मला वाटलं, मजा करायलाय. मामाला नकला करायची सवय आहे. पण पलीकडच्या सरीत मामी होती. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं, वाळलेल्या तुराट्यांची मूठ उचलली आणि बॅटरीवरचा चिमटा झोडून पाडला. टर्रर्र थांबलं. मामा खाली बसला.

"भाचीनं लिवलं म्हणून मरायलाव व्हय?" मामी ओरडली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

दवाखान्यात नेऊन हृदयाची पट्टी काढली. ती ठीक निघाली. तळव्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. मामा तो निरखत बसला. भीतीपेक्षा त्याला कोडंच जास्त पडलं होतं. "सोड म्हनत होतो हाताला. ऐकंच ना. बाराच व्होल्ट ना बाई?"

मलाही तेच कळत नव्हतं. आणि थांबायला वेळ नव्हता. शेजारच्या दोघांनी मामाला असंच मशीन करून मागितलं होतं, आणि मामा म्हणत होता, आत अजून एखादा पार्ट टाकला की झालं. मी नको म्हटलं तर त्यानं पत्रकाच्या खिशावर थाप मारली. "तू छापलंस न्हवं? तोंडी काय सांगायलीस आता?"

डबा उचलून मी स्टँडजवळच्या मोटार भरायच्या दुकानात गेले. मोटार भरणं म्हणजे जळालेल्या पाणबुडी पंपाची तार काढून नवी गुंडाळणं. दुकानाची पाटी चाचाच्या नावाची, पण तार भरते त्याची बायको, चाची. बोलता बोलता बोटं वेढे मोजत असतात, चुकत नाहीत.

चाचीनं डब्यात डोकावून बघितलं. "ही हिकमत कुनाची?"

"माझ्या मामाची. पत्रक वाचून केलं."

"कुना येड्याचं पत्रक?"

मी पिशवीतून पत्रक काढून खालची चौकट दाखवली. चाचीला कळलं. हसली नाही, पण स्टूल पुढं सरकवलं.

"हे बघ बेटा. आत लोखंड, त्याच्यावर जाड तारेचे थोडे वेढे. आन त्याच्यासंगं केसासारख्या तारेचे हजारो. बॅटरी जाड तारेला. आता सांग, ठिनगी कवा पडती? करंट चालू झाल्यावर का तोडल्यावर?"

"चालू झाल्यावर," मी ठणकावून सांगितलं. मला सगळं ठणकावूनच सांगायची सवय.

"तोडल्यावर."

दुकानासमोर एक जुनी फटफटी होती. चाचीनं प्लग काढला, रबरी टोपणाला धरून इंजिनला टेकवून ठेवला, हात लांब घेतला आणि चाचाला किक मारायला लावली. निळी ठिणगी, टक्. पुन्हा टक्. मी रोज याच ठिणगीवर जिंतूरला जाऊन येते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे बघत होते.

"पण तोडल्यावर कशी पडेल?" मी विचारलं. "तोडल्यावर तर संपलं ना?"

"शेतात मोटार चालू आसताना व्हॉल एकदम बंद केला तर?"

"पाइप हादरतो. जॉइंटसुद्धा उडतो कधीकधी."

"पानी तेच. पळतं पानी आडवलं की दनका. इथं पळत्या करंटनं लोखंडाचं चुंबक होतं. करंट तोडला की ते चुंबक एकदम कोसळतं, आन त्याचा सगळा दनका त्या केसाएवढ्या तारेत. बारा व्होल्ट आत गेले. बाहेर येताना हजारांनी आले."

मी तासभर प्रश्न विचारत बसले. मग विकतच्या मशीननं माणूस का मरत नाही? त्यातही हजारोच व्होल्ट असतात ना? चाचीनं टेबलावर बोट आपटलं. टक्. मग थांबली. एक श्वास घेतला. टक्.

"दनका पापनी लवायच्या आत संपतो, आन मधी येवढी जागा असती. त्या जागेत हात सुटतो, डुकराचा पाय सुटतो. तुज्या मामाच्या डब्यात जागाच न्हाई. टर्रर्र. दनक्यावर दनका. मूठ उघडायची कवा?"

"मग चाची, ती जागा ठेवून तूच बनवून दे."

"तीस वर्सं झाली मोटारी भरायले, आन हे मी बनवनार न्हाई." तिनं कॉइल उलटी केली. "दनका केवढा, किती वेळाचा, हे बोटानं मोजता येत न्हाई. आतला थर फुटला तर मला दिसनार न्हाई. तपासलेलं मशीन घ्या, पाटी लावा, लाईनच्या तारंपासून लांब ठिवा. आन तुजी ती ओळ खोड."

घरी उरलेल्या गठ्ठ्यातली एकेक चौकट मी पेनानं खोडली. दुपार गेली. वाटून झालेल्या पत्रकांचं काय? ती घराघरांत होती, आणि मोठ्यानं वाचणारीही मीच होते. म्हणून मामाकडे गेले, त्याची प्रत मागून घेतली आणि चौकटीखाली लिहिलं: हे चूक आहे. घरी केलेल्या मशीनवरून हात सुटत नाही. खाली सही केली.

मामानं दोनदा वाचलं. "आता ठीक हाय," म्हणाला, आणि चप्पल घालून माझ्याबरोबर गिरणीवर आला.

मी वाचायला सुरुवात केली. मशीन मागणाऱ्या दोघांपैकी एकजण पट्ट्याच्या आवाजावर ओरडला, "काल झीरो धोका, आज धोका. उद्या काय छापनार?" मामानं तळवा पुढं केला, तो पांढरा डाग दाखवला. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला.

"बाराच व्होल्ट तर हायेत," तो ओरडणारा म्हणाला.

"तुज्या मोटरीचा व्हॉल एकदम बंद करून बघितलाय का कवा?" मामानं विचारलं, आणि सांगायला बसला. एकदोन ठिकाणी चुकला. मी मधे बोलले नाही. डुकरांचं काय, हे कुणीतरी विचारलंच. त्यावर विकतचं तपासलेलं मशीन दोघा-तिघांत मिळून घेता येईल एवढंच आमच्यापाशी होतं, आणि तो अर्ज, जो मी पुन्हा घेऊन जाणार आहे.

परतताना मामा पायीच होता. त्याची फटफटी आठवडाभर कॉइलवाचून उभी होती.

चाचीनं कॉइल परत बसवली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मामा वाकून प्लगजवळचा आवाज ऐकत राहिला, हात मात्र पाठीमागं बांधून.