पन्नासवाला प्रेम

हिंगणघाटच्या बसस्टँडसमोर, चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर जयवंता उईके यांचा फोटो स्टुडिओ आहे. जिना इतका अरुंद की नवरा-नवरीला एकामागे एक चढावं लागतं, आणि पुढे कोण चढलं यावरून घरात कोणाचं चालणार हे जयवंताबाई वरून बघूनच सांगतात. माझी मुलगी वेदश्री त्यांच्याकडे काम शिकते. बी.एस्सी. झाल्यावर तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं माझं म्हणणं होतं. तिनं कॅमेरा गळ्यात घातला. आज ती आर्वीकडच्या एका लग्नाला गेली आहे. "निघतेय" म्हणाली त्यालाही बराच वेळ झाला. पुन्हा फोन केला तर चिडेल, म्हणून मी जयवंताबाईंविषयी लिहायला बसले.

बाई या धंद्यात आल्या त्या पासपोर्ट फोटो काढून घ्यायला. नर्सिंगच्या प्रवेशासाठी फोटो हवा होता. त्या वेळच्या स्टुडिओवाल्यानं हनुवटी वर करा म्हटलं, तर त्यांनी त्यालाच सांगितलं, "दादा, तुमचा लाइट खाली करा ना, माही हनुवटी बरोबर हाय." प्रवेश मिळाला नाही, पण नोकरी मिळाली. पुढे स्टुडिओवाला मुलाकडे पुण्याला गेला आणि दुकान यांच्याकडे आलं. लग्न त्यांनी केलं नाही. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "इतली लग्नं जवळून पाह्यल्यावर कोन करन वो ताई?"

कोणत्या कामाला कोणती लेन्स हे त्या कधी शिकवत बसत नाहीत. बोलता बोलता कानावर टाकतात. रुंद लेन्समध्ये छोट्या खोलीत पंचवीस माणसं मावतात, पण कडेची माणसं ताणली जातात. म्हणून ग्रुप फोटोत त्या किडकिडीत माणसं हुडकून कडेला उभी करतात आणि रुसलेल्या मामाला मध्ये घेतात. "मामा मधात पायजे. कडेले राह्यला तं फोटोत पपई होते अन् मंग जन्मभर रुसते." लांबची लेन्स म्हणजे पक्षी, वाघ आणि विहिणी, जवळ गेलं की तिन्ही सावध होतात.

मला लेन्स कळते ती एवढ्यावरून की तिच्यामुळे माझी मुलगी धोक्यापासून किती लांब उभी राहणार. त्या हिशेबानं लांबची लेन्स सगळ्यात चांगली. पण ती हातात आली की मुली बोरच्या जंगलात वाघ बघायला जायचं म्हणतात, त्यामुळे तीही वाईटच.

सगळ्यात वाईट ती बिनझूमची. ती जागची हलत नाही. फोटोग्राफरलाच पुढेमागे व्हावं लागतं, आणि मागे सरकताना माणसाला डोळे नसतात. या लेन्सला प्राइम म्हणतात. जयवंताबाई प्रेम म्हणतात. वेदश्रीनं सुरुवातीला सुधारून पाहिलं.

"प्रेमच हाय ते," बाई म्हणाल्या. "सोता सरकत नाई, आपल्यालेच त्याच्यापाशी जा लागते."

महिनाभरात वेदश्रीही प्रेम म्हणू लागली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळवणं काढायला गेले तेव्हा, टाकीच्या पलीकडे वेदश्री फोनवर बोलत होती ते मी सरळ अर्थानं ऐकलं.

"मावशी, माझं मन पन्नासवाल्या प्रेमवरच बसलंय," ती जयवंताबाईंना म्हणत होती. "पंच्याऐंशीवाला देखणा आहे, पण जड आहे हो. रोज कोण सांभाळणार? ... असू दे ना सेकंडहँड. नागपूरच्या बाईनं फार वापरलेला नाही म्हणता ना तुम्ही? ... आईला आत्ताच नका सांगू."

मी पापडांसकट खाली आले. माझी मुलगी तेवीस वर्षांची. तिला पन्नास वर्षांचा प्रेम नावाचा मनुष्य पसंत होता, तो नागपूरच्या एका बाईचा आधीचा होता, आणि त्याला स्पर्धा होती ती पंच्याऐंशी किलोच्या दुसऱ्या एका प्रेमची. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "पन्नासचा आहे तर निदान नोकरी पक्की असेल." यांना गांभीर्य म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेले. जयवंताबाई एका बाळाचा फोटो कापत होत्या.

"हा प्रेम कसा आहे?" मी एकदम विचारलं.

"सांगतलं का पोरीनं? मस्त हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "लहानसा हाय, पण अंधारात बी लय चांगलं काम करते."

मी पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसले. "घराणं कुठलं?"

"जपानचं."

"जपानचं?"

"सारे तिकडचेच राह्यते ना ताई आता. पाहाचा हाय का? इथंच हाय. त्या बाईनं पाह्यले ठेवून देल्ला."

त्यांनी कपाट उघडलं, तांदळाच्या डब्याशेजारची एक पिशवी काढली आणि लाडवाएवढी काळी लेन्स माझ्या हातावर ठेवली. तिच्या कडेवर ५० मिमी असं लिहिलं होतं. मग मला जे हसू फुटलं त्याचं कारण सांगणं भाग पडलं. जयवंताबाई इतक्या हसल्या की कात्री बाजूला ठेवावी लागली. बाळाचा एक कान तेवढा गेला.

इथवर लिहिलं आणि वेदश्रीचा मेसेज आला: वर्ध्याला चहाला थांबलोय, जागू नको. म्हणजे आता जरा नीट लिहिता येईल.

हसून झाल्यावर बाईंनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा भाऊ जंगू समुद्रपूरकडे गावी राहतो. त्याच्या मुलीचं, चंचलचं लग्न होतं. आत्या म्हणून बाईंना नवरीजवळच बसायचं होतं, त्यामुळे फोटो पहिल्यांदाच एकट्या वेदश्रीनं काढायचे होते. पण बाईंना लग्नाची चिंता नव्हती. त्यांना त्यांच्या आईचा, रामबाईंचा एक फोटो हवा होता. उभा तालुका बाईंनी टिपला, पण आईचा फोटो उद्या काढू म्हणत राहूनच गेला. आणि अलीकडे कॅमेरा दिसला की रामबाई पदर हनुवटीपर्यंत ओढत.

"काऊन ओढते कोन जाने. वय झालं तिचं," बाई म्हणाल्या, आणि बाळाचा दुसरा फोटो छापायला लागल्या.

लेन्स एकच न्यायची होती, कारण हळदीच्या मांडवात लेन्स बदलायची नाही हा त्या स्टुडिओचा नियम आहे. एकदा बाईंनी बदलली होती. आत हळदीचा कण गेला, आणि त्या हंगामातल्या निम्म्या नवरदेवांच्या गालावर तीळ आला. एका घरानं तो शुभ आहे म्हणून मोठा करून मागितला.

"लांबची ने, दोनशेवाली," बाईंनी वेदश्रीला सांगितलं. "दूर झाडामांगून मार. तिले पत्ताच नाई लागला पायजे."

मीही दोनशेच्या बाजूनं मत दिलं. मागे सरकून पडायला झाडामागे निदान स्वयंपाकाची चूल नसते.

"मावशी, मांडवात माणसं मध्ये येतील," वेदश्री म्हणाली. "आणि आजींना न सांगता चोरून का काढायचा? पन्नासवाला नेते. समोर बसून काढते."

"समोर बसशीन तं पदराचा फोटो येईन."

"येऊ दे."

बाईंनी दोनशेवाली परत कपाटात ठेवली. आपल्याच मुलीचा हट्ट दुसऱ्यावर चाललेला पाहून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते.

लग्नाला मीही गेले. आमंत्रण होतं, आणि वेदश्री मागे सरकत आली तर तिच्या आणि स्वयंपाकाच्या चुलींच्या मध्ये कोणीतरी उभं असायला हवं होतं. दोनदा ती माझ्यावर येऊन आदळली. "आई, तू इथे काय करतेस?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "वारा घेतेय."

रामबाई मांडवाच्या कडेला पोत्यावर बसल्या होत्या. बारीक, ताठ, हातभर हिरव्या बांगड्या. वेदश्री त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. पदर खाली आला.

"आजी, एकच."

"नाई वो पोरी. मले माहीत हाय मी कशी दिसतो," पदरातून आवाज आला. "कार्तिकनं काढलता मोबाइलवर. नाक पाह्यलं का माहं त्यात? वांगं."

कार्तिक म्हणजे त्यांचा नातू. त्यानं मोबाइल आजीच्या नाकाशी धरून फोटो काढला होता आणि तोच घरभर दाखवला होता. तेव्हापासून पदर. एवढी वर्षं लोकांची नाकं नीट काढणाऱ्या जयवंताबाईंनी आईला कारण कधी विचारलंच नव्हतं. नवरीजवळून त्या हे ऐकत होत्या. उठून आईच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"माय, मोबाइल जवळ धरला की कोनाचंबी नाक वांगंच होते. त्याची काच तशी राह्यते."

"तू तं म्हनशीनच. पोरगी होय माही."

वेदश्रीनं कॅमेरा मांडीवर ठेवला. "आजी, ही माझी आई. या काचेचं नाव ऐकून तिला काय वाटलं, सांगू?" आणि सगळ्या मांडवासमोर तिनं माझी गच्चीवरची गोष्ट सांगितली. पन्नासवाला, नागपूरची बाई, अंधारात काम, जपानचं घराणं. मला चुलीत उडी घ्यावीशी वाटली. ती जवळच होती.

पदर हलला. मग आवाज आला, "अन् तो पंच्याऐंशीवाला?"

"तो नको, आजी. जड आहे."

"मंग मले दे ना. माह्या जोडीचा हाय तो."

आणि आपल्याच बोलण्यावर रामबाई अशा हसल्या की पदर धरणारा हात गुडघ्यावर आपटला, आणि पदर मागे पडला तो त्यांना सावरायचं सुचलं नाही. वेदश्रीनं कॅमेरा कधी उचलला ते मी पाहिलं नाही. टिक् एवढं ऐकलं.

तिनं कॅमेऱ्याची मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. रामबाईंनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. नाकाला बोट लावून पाहिलं, परत फोटोत पाहिलं. मग लेकीकडे वळून त्यांच्या घरच्या गोंडीत काहीतरी म्हणाल्या. जयवंताबाईंनी मला त्याचा अर्थ सांगितला नाही. त्या पलीकडे जाऊन उगाचच एक खुर्ची सरळ करत बसल्या.

तो फोटो आता स्टुडिओत जिन्यासमोर लावला आहे. रामबाईंचा एकेक दात आणि दातांमधल्या मोकळ्या जागाही स्पष्ट आहेत, नाक नाकाएवढं आहे, कडेला माझं कोपर आलं आहे. मागे हसणाऱ्या जयवंताबाई मात्र पार धूसर झाल्या आहेत. पन्नासवाला एका वेळी एकाच माणसाला नीट बघतो. वेदश्रीनं दोघींचा दुसरा, स्वच्छ फोटो काढून देते म्हटलं, तर बाई नाही म्हणाल्या.

परवा एक नवरी जिना चढून वर आली, नवऱ्याच्या पुढे. फोटोसमोर थांबून तिनं विचारलं, "आजी छान आहेत. आणि मागे धुक्यात कोण आहे?"

"ते?" जयवंताबाई लाइट खाली करत म्हणाल्या. "ते फोटोग्राफर हाय. बसा."