जालन्याच्या पाइपांवरचा आकडा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितल्याशिवाय लिहायला हात धजत नाही.

देऊळगाव राजाला एका वर्कशॉपमध्ये मी मालाची यादी ठेवते. तिथं शेड आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड बनतात. कोणत्या कामाला किती जाड लोखंड लागेल, ते पूर्वी आमचे म्हातारे मिस्तरी नुसतं ऐकून सांगायचे. मग मालकांची मुलगी इंजिनिअर होऊन आली. तिनं महिनाभर मिस्तरींना विचारून विचारून त्यांचे सगळे ठोकताळे कंप्युटरमध्ये घातले आणि त्याला माझी यादी जोडली. टाकी किती लिटरची, उंची किती, एवढं सांगितलं की कंप्युटर मिस्तरींच्या हिशेबानं जाडी काढायचा आणि यादीत बघून अमुक रॅकमधला पाइप घ्या म्हणायचा.

"माहं डोकं डब्यात भरलं, आता धड तेवढं घरी पाठवा," मिस्तरी म्हणायचे.

मिस्तरी पाइपावर खडूनं जाडी लिहितात, तीही सुतात. एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. मुलीनं मला सांगितलं होतं, "मावशी, तीननं गुणून यादीत भरा." मी तसंच भरत गेले. मग जालन्याहून नवा माल आला. त्याच्यावर खडू नव्हता, पांढऱ्या रंगानं २ लिहिलेलं होतं. हे सूत की मिलिमीटर, विचारावं असं मनात आलं. पण केबिनमध्ये दोन अनोळखी माणसं बसली होती. मी दारातूनच परत आले आणि सहा भरलं.

बीबी गावच्या एका शेतकऱ्याच्या स्टँडसाठी कंप्युटरनं तेच पाइप सांगितले. मिस्तरींनी एक उचलून पाहिला.

"हलका लागते वं बाई. मोजला होता ना?"

"हाव," मी म्हटलं. मोजला नव्हता.

टाकी भरली त्याच दिवशी स्टँडचा एक पाय वाकला आणि टाकी पडून फुटली. कोणाला लागलं नाही. मालक म्हणाले, "मिस्तरी, ठोकताळा तुमचाच होता." नव्या टाकीपायी त्यांच्या पगारातून पाच हजार कापले.

मुलगी पुन्हा त्यांना घेऊन बसली. "काका, दोन हजार लिटरला किती सूत?" जन्मभर न अडखळता सांगणारा माणूस आधी दोन म्हणाला, मग अडीच. दुसऱ्या दिवशी तीन. "लिव तुले बरोबर वाटंल ते. मले आता याद नाई राह्यत." मी शेजारच्या टेबलावर यादी उघडून मान खाली घालून बसलेली. असे आठ दिवस गेले.

तिनं दोनाचं तीन करायला घेतलं, तेव्हा मी उठले. "त्यांचं नाही चुकलं. यादी चुकली." मी तिला रॅकपाशी नेलं. तिनं पाइप मोजला. दोन मिलिमीटर.

मिस्तरी मागं येऊन उभे होते. "आठ दिस मले येडं होऊ देलं तू? मोजला नाई मनली असती, तं म्या मोजला असता."

मी टेबलापाशी जाऊन यादीत सहाचं दोन केलं.

मालक म्हणाले, कापले ते कापले, तुमचं तुम्ही बघून घ्या. मिस्तरी तर म्हणाले, राहू दे. पण मी दर पगाराला पाचशे त्यांच्या हातावर ठेवत गेले. आता यादीत काय आहे, ते मला विचारत नाहीत. पाइप स्वतः मोजून घेतात. मी बाजूला उभी राहते.

गेल्या पगाराला दहावे पाचशे दिले. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि नोट खिशात घालत म्हणाले, "हाव, भरले पाच हजार."