शाईचे गुण

बोरसे अक्का गुण शाईने द्यायच्या. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची जर्नलं आम्ही डेमॉन्स्ट्रेटर तपासायचो, पण गुण पेन्सिलीने मांडायची रीत होती. विभागप्रमुख हवे ते खोडत, बदलत, मग त्यावर शाई फिरवून सही करत. नव्याने लागलो तेव्हा मला पेन्सिलीला टोक काढताना पाहून अक्कांनी विचारलं, कुणाला घाबरतोस? मी टोक काढत राहिलो.

आमची प्रयोगशाळा वनस्पतिशास्त्राची. मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि आकृती पुस्तकातून उतरवत. एरवी प्रमाण मराठी बोलणाऱ्या अक्का अशा वेळी अहिराणीवर येत. "पुस्तकमा काय शे ते माले ठाऊक शे. तुले काय दिसनं, ते काढ."

चोपड्याकडच्या एका मुलीने खोडाच्या छेदात आलेला हवेचा बुडबुडासुद्धा काढला आणि शेजारी 'बुडबुडा' असं लिहिलं. वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिला मिळाले. संस्थाध्यक्षांच्या पुतण्याची आकृती छापल्यासारखी देखणी होती, पण स्लाइड लावून विचारलं तर त्याला काहीच दाखवता येईना. अक्कांनी त्याला नापास केलं.

विभागप्रमुख सरांनी अक्कांना बोलावलं तेव्हा मी तिथेच होतो. अक्कांची नोकरी माझ्यासारखीच तात्पुरती. दर जूनला सरांच्या शिफारशीनेच नवी ऑर्डर यायची आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. हे सरांना पक्कं माहीत होतं.

"बोरसे बाई, गुण विभाग देतो. तुम्ही फक्त मदतनीस."

"मग विभागाने स्लाइड बघावी, सर. मी लावून देते."

सर खुर्चीवरून उठले नाहीत. पेन्सिल असती तर रबराने काम भागलं असतं. शाई खोडली की शेजारी स्वतःची सही ठोकावी लागते, आणि तेवढी छाती त्यांना नव्हती. गुण तसेच राहिले. जूनमध्ये अक्कांची ऑर्डर मात्र आली नाही. मला त्याचा भयंकर राग आला, अजूनही येतो.

पुढे अक्का सोनगीरच्या हायस्कुलात शिकवू लागल्या. वर्षभराने मी भेटायला गेलो आणि चहा पिता पिता सांगितलं, की सरांनी यंदा मला पेन्सिल वापरायला बजावलं, मी नाही म्हणालो.

अक्कांनी कप खाली ठेवला.

"मंग तू बी जाशी," त्या म्हणाल्या, आणि शेजारची बाई दारात येऊन बघेपर्यंत हसत राहिल्या. मीही हसलो.

त्या जूनमध्ये माझीही ऑर्डर आली नाही.