पंधरा दिवसांचं सज्जन रक्त

मंडळी, आज सकाळी कोलेस्टेरॉल तपासायला अंबरनाथ पूर्वेच्या लॅबमध्ये उपाशीपोटी गेलो आणि रक्त न देताच परत आलो.

त्याचं असं झालं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी पंधरा दिवस उल्हासनगरचं तळकट दाल पकवान सोडलं, उकडलेला दुधी खाल्ला, रोज पालेगावपर्यंत चाललो. रक्त काढणाऱ्या ताईंना हे अभिमानाने सांगितलं.

त्यांनी सुई खाली ठेवली. "काका, हे पुढेही चालू ठेवणार?"

"छे हो! आज इथून थेट दाल पकवान."

"मग डॉक्टरांनी गोळी कुणाचं रक्त बघून ठरवायची? तुमचं की दुधीचं? दोन-तीन आठवडे नेहमीसारखं जेवा, मग या. नाहीतर दुधीच कायमचा धरा."

मी हसलो, पण परतताना रिक्षात वडील आठवले. ते बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. छातीत दुखलं की "गॅस झालाय रे" म्हणायचे. मी आता एक्कावन्नचा. त्यांनी घरच्यांना फसवलं, मी तर डॉक्टरांनाच फसवायला निघालो होतो.

खरं सांगा, टेस्टच्या आधी तुम्ही किती दिवस शहाण्यासारखं वागता? आणि रिपोर्ट चांगला आल्यावर किती तास?