सत्यवतीचा लॅपटॉप आणि भाई

भाई मालवणच्या एस.टी. स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होता. खिडकीतल्या माइकवरून गाड्या पुकारायचा. आवाज सपाट, पण कितीही घाई असली तरी त्याने वाटेवरच्या एकाही गावाचं नाव कधी गिळलं नाही.

निवृत्तीनंतर तो आणि त्याची बायको सत्यवती देवबागला राहत. मूलबाळ नाही. सत्यवतीने घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. एक जुना लॅपटॉप मिळवून ती रोज सकाळी त्यात पाहुण्यांची नोंद करी, तेवढ्यात भाई चहा करी. लॅपटॉपला तो हात लावत नसे. "ता तुझा खाता," म्हणायचा.

गेल्या आषाढात तीन दिवसांच्या तापाने सत्यवती गेली. भाईने सगळं कार्य नीट पार पाडलं. तेराव्यानंतर त्याने खोल्यांची पाटी उतरवली आणि कधी नव्हे तो लॅपटॉप उघडला. तो सुरूच होईना. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राही.

मालवणच्या बाजारात गौरजाचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मी भाईचा शेजारी, शाळेत मास्तर होतो; ती माझी विद्यार्थिनी, म्हणून मी भाईला तिच्याकडे नेलं. तिने लॅपटॉप तपासला आणि गिऱ्हाइकाशी बोलायच्या शुद्ध भाषेत सांगितलं, "काका, हा आता जुना झाला. यात लिनक्स नावाची दुसरी यंत्रणा घालू या, हलकी असते. मी पेनड्राइव्ह करून देते. तो लावून मशीन चालू केलं की दोन पर्याय येतील. एक, नुसतं वापरून पाहा. दुसरा, कायमचं बसवा. कायमचं बसवलंत की काकींचं आतलं सगळं पुसलं जाईल. त्याआधी आपण ते उघडून दुसरीकडे काढून घेऊ."

"उघडूचा नाय," भाई म्हणाला.

"मग पुसायचं?"

"पुसूचा पण नाय."

गौरजाने लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवलं. मग तिने पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला आणि बटणं कुठली दाबायची ते कागदावर लिहून दिलं.

तेव्हापासून भाई रोज सकाळी पेनड्राइव्ह लावी आणि पहिला पर्याय निवडी. वापरून पाहा. मग कोरं पान उघडून एका बोटाने टाइप करी. तारीख. खोली एक, रिकामी. खोली दोन, रिकामी. दोनदा वाचून मशीन बंद करी. पेनड्राइव्हवर चालणारी ही यंत्रणा बंद केली की काही लक्षात ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी पान पुन्हा कोरं. सत्यवतीची डिस्क आत तशीच होती. पडद्याच्या कडेला त्या डिस्कचं छोटं चौकोनी चिन्ह दिसे. त्यावर त्याने कधी बोट ठेवलं नाही.

मी एकदा विचारलं, "अरे, लिहिलेलं कुठेतरी ठेवत का नाहीस?"

"कशाक? त्येका काल काय झाला ता म्हायत नसता. बरा आसा त्येचा."

शेजारची हौसाबाई कुंपणावरून त्याला बोलायची. "मेल्या भाई, इतके म्हयने झाले, डोळ्यांतसून एक टिपूस काढूक नाय तू. माणूस आसस काय धोंडो?"

"पंप चालू करूचो आसा, हौसाबाय," म्हणून तो विहिरीकडे जाई. खरंच पंप चालू करी.

देवबागला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. खाऱ्या वाऱ्यात तिथे लोखंडाचं काही टिकत नाही. फेब्रुवारीत पेनड्राइव्हचं तोंडही गंजलं आणि लॅपटॉप त्याला ओळखेना. आम्ही परत गौरजाकडे गेलो. तिने नवा करून दिला, पण या वेळी तिची शुद्ध भाषा सुटली.

"भाईकाका, ह्योव गंजतलो. आणि काकींची डिस्क काय नवी नाय. एक दिवस ती आपणच बंद पडात. मग उघडूचा म्हटलास तरी उघडूचा नाय."

भाईने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "उघड."

गौरजाने चौकोनावर दोनदा टिचकी मारली. फोल्डरांची रांग उभी राहिली, नावं मराठीत. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. भाईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सवयीने असेल, आवाज स्टँडवरचा लागला.

"खोली एक. खोली दोन. दिवाळीचे पाहुणे. सोलकढी, पाव किलो कोकमाची. लाइट बिलं. सुरंगीच्या फुलांचे फोटो."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. भाई एकही नाव न गाळता खाली खाली येत होता.

"भाई."

तो थांबला. गौरजाने विचारलं, "उघडू?" त्याने मान डोलावली. आत त्याचेच कागद होते. पेन्शनच्या ऑर्डरची प्रत, रक्ताचे रिपोर्ट, चष्म्याचा नंबर. बी.पी.च्या गोळ्या कुठल्या महिन्यात बदलल्या, त्याची यादी. शेवटची ओळ जूनमधली होती: नवीन गोळीने पाय सुजतात, स्वतः सांगणार नाही, डॉक्टरांना विचारणे.

भाईने खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. सुजलेले होते. मला ते दिसले नव्हते.

"माका खंय म्हायत होता, ती बघता म्हणान," तो म्हणाला. आवाज तसाच सपाट.

गौरजाने सगळं आपल्या मोठ्या डिस्कवर उतरवून घेतलं, पुन्हा एकदा दुसरीकडे उतरवलं, आणि दोन्ही उघडून त्याला दाखवलं. गोळ्यांच्या यादीचा कागद छापून दिला. मग दुसरा पर्याय, कायमचं बसवायचा, निवडला. पडद्यावर सूचना आली की या डिस्कवरचं सर्व पुसलं जाईल.

"मी दाबू?"

"नको. माका दी."

त्याने स्वतः दाबलं. पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला अर्धा तास लागला. मी चहा मागवला, त्याने तो गार होऊ दिला. मध्येच यंत्राने वापरणाऱ्याचं नाव विचारलं. एका बोटाने त्याने आपलं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट.

तिथून डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी गोळी बदलली. देवबागच्या गाडीत भाई खिडकीशी बसला, मांडीवर लॅपटॉप, वर औषधाची पिशवी. गाडी बाजाराबाहेर पडली तेव्हा बाहेर बघतच तो म्हणाला, "गुरुजी, सत्यवती गेली."

आठ महिन्यांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"होय रे," मी म्हटलं.

कंडक्टर जवळ आला. भाईने खिशात हात घातला आणि आम्हा दोघांची दोन देवबाग मागितली.