वाढत्या अंगाचं माप

माझ्या नणंदेला मी आत्या म्हणते. नवऱ्याहून त्या धाकट्या आणि माझ्याहून मोठ्या, त्यामुळे हाक काय मारायची हा प्रश्न लग्नानंतर बरेच दिवस लोंबकळत होता. चिमणी झाली, बोलायला लागली आणि तो सुटला. तिच्यामागे आम्ही सगळेच त्यांना आत्या म्हणू लागलो, अगदी सख्खा भाऊसुद्धा. कपडे शिवायला येणाऱ्या आयाही आत्याच म्हणत.

आत्यांचं दुकान आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. एक लांब टेबल, दोन मशिनं, भिंतीला टेकलेले कापडाचे तागे आणि दाराशी एक स्टूल, ज्यावर गिऱ्हाईक कमी आणि शेजारीण जास्त बसायची. गळ्यात कायम टेप. झोपतानाही काढते की नाही, असं माझा नवरा विचारायचा. मुलांचे कपडे एवढंच काम, त्यातही शाळेचे गणवेश जास्त. मोठ्या माणसांचं त्या घेत नसत. "मोठी माणसं नुसती रुंदीत वाढतात, त्यात काय मजा?" म्हणायच्या.

"वाढत्या अंगाचं पोर आहे हो, जरा मोकळंच ठेवा." हे वाक्य प्रत्येक आई दारातूनच म्हणत आत यायची. ते म्हणायची गरजच नव्हती. आत्या वाढ धरूनच माप सांगत. टेपवर दिसायचं एक आणि तोंडातून निघायचं त्याच्या पुढचं. समोर बसलेली काजबटणवाली जे कानावर पडेल ते लिहून घ्यायची. पूर्वी तीही आपल्या मनाने वाढ धरायची. दोघींनी मिळून एकदा एका शाळेची अख्खी तुकडी शिवली, तेव्हा पोरं गणवेशात नव्हे, पोत्यात घातल्यासारखी दिसत होती. त्या दिवसापासून ठरलं की वाढ धरायची ती आत्यांच्या तोंडानेच, बाकी कुणी डोकं चालवायचं नाही. मग ही सवय जिभेत इतकी मुरली, की आपण आकड्यात काही मिळवतो आहोत याचं त्यांना भानही उरलं नाही. पोर किती आहे हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. त्या मोजायच्या ते पुढच्या वर्षीचं पोर.

चिमणीचे सगळे फ्रॉक आत्यांच्या हातचे. घेराला आतून चांगली रुंद दुमड असायची. दर वर्षी ती थोडी उसवायची, फ्रॉक खाली यायचा आणि जुन्या दुमडीची एक फिकट रेघ कापडावर राहायची. मला त्या रेघा आवडायच्या नाहीत. चिमणी मात्र त्या मोजून दाखवायची. फक्त तिच्या बाबतीत आत्यांचा अंदाज फसत होता. पोर वर्षाला जेमतेम बोटभर वाढायची. वर्गाच्या फोटोत पहिल्या रांगेत, तेही कडेला. तिला काही दुखणं नव्हतं, खायची-प्यायची व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले होते, काहींचं उशिरा सुरू होतं. पण हे आठ वर्षांच्या पोरीला कोण समजावणार?

त्या वर्षी वर्गाची सहल गेली ती मोठ्या पाळण्यांच्या बागेत. तिथली नागीण म्हणजे रुळांवरून उलटीसुलटी धावणारी गाडी. तिच्या दाराशी एक रंगवलेली पट्टी होती, चार फुटांची. त्या रेघेला डोकं लागलं तर आत, नाही तर बाहेर. वर्गातली सगळी आत गेली. चिमणी बाहेर बाकावर बसली आणि बाईंनी सगळ्यांची दप्तरं तिच्याजवळ ठेवली. "लक्ष ठेव हं." घरी येऊन ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मी खूप दप्तरं सांभाळली."

आत्यांना हे कळलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. बाईंना बोलल्या, बागवाल्यांना बोलल्या, माझा काही संबंध नसताना मलाही बोलल्या. सुट्टी लागली तशी म्हणाल्या, "आपण जायचं. मी, वहिनी आणि चिमणी. नागिणीत बसायचं."

चिमणी मात्र दुधाने तोंड पोळलेली. "आधी मोज," ती म्हणाली. "नक्की असेल तरच मी येणार. परत बाकावर नाही बसणार."

"मोजू की! मोजायला काय बाहेरून माणूस आणायचाय?"

दुकानाच्या चौकटीला तिला उभी केली. डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून आत्यांनी खडूची रेघ मारली. जमिनीपासून टेप लावला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "लिही, अठ्ठेचाळीस."

काजबटणवालीने लिहिलं. अठ्ठेचाळीस इंच म्हणजे बरोबर चार फूट. चिमणीने असा काही आरडाओरडा केला की वरून माझा नवरा खाली धावत आला. मी तिथेच उभी होते. टेपकडे मी बघितलं नाही. शिंप्याचं माप कोण तपासतं?

मग आठवडाभर नुसता बेत. बेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा आत्यांचा खाक्या. बागेचा छापील नकाशा कापायच्या टेबलावर पसरला, एका कोपऱ्यावर इस्त्री, दुसऱ्यावर कात्री. त्यात लाल खुणेचे खेळ चार फुटांच्या वरच्यांसाठी. हिरव्या खुणेचे खेळ लहानांचे, सोबत मोठं माणूस हवं. सकाळी दार उघडताच आधी नागीण, कारण तेव्हा रांग कमी. त्याआधी पोटभर खायचं नाही. मग गोल फिरणारा पाळणा, मग उंच झोका. आत्यांना साध्या जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरायचं, आणि या बाई नागिणीत चिमणीशेजारी बसायच्या गोष्टी करत होत्या.

"आणि ही होडी? ही पाण्यातली घसरण?" मी हिरव्या खुणांवर बोट ठेवून विचारलं. "छान दिसतायत की."

"वहिनी, तुम्ही गप्प बसा. ते बाळांचे खेळ." आत्यांनी शिंप्याच्या खडूने हिरव्या खुणांवर फुल्या मारल्या. चिमणीने दुसरा खडू घेऊन प्रत्येक फुलीवर आणखी एक फुली मारली. दोघी हसत होत्या. त्यांचं हसणं ऐकून मीही हसले.

बागेच्या दाराशी तिकीटवाल्याने चिमणीकडे बघून अर्धं तिकीट फाडायला घेतलं. जगातले आईबाप पोराला वाकायला सांगतात, गुडघे दुमडायला सांगतात, पण आमच्या आत्या भांडून पूर्ण तिकीट मागत होत्या. "आमची मुलगी मोठी आहे. चार फूट. मी स्वतः मोजलंय." तिकीटवाल्याने खांदे उडवून पूर्ण तिकीट दिलं. चिमणी अशी चालत होती, की जणू बाग तिच्या मालकीची आहे.

नागिणीची रांग बेताप्रमाणे लहान होती. दाराशी, त्या रंगवलेल्या पट्टीजवळ एक तरुण उभा होता. त्याने चिमणीला उभी केली, डोक्यावर हात आडवा धरला. हात आणि रेघ यांच्यात दोन बोटांची फट होती.

"थोडी कमी पडते," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी ये हं."

"पट्टी चुकीची आहे तुमची," आत्या म्हणाल्या.

"बाई, पट्टी रोज तीच असते."

"माझाही टेप रोज तोच असतो!" आणि आत्यांनी पिशवीतून टेप काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी सोडवून घेतला. टेपचं टोक चिमणीच्या टाचेखाली दाबलं, वर डोक्यापर्यंत ताणला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस! बघा!"

तो बघायला वाकला. त्याच्यात उर्मटपणा नव्हता, उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. टेपवर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "बाई, साडेशेहेचाळीस आहे."

आत्यांनी त्याच्या बोटाकडे बघितलं. मग आकड्याकडे. इतकी वर्षं टेप हातात घेतला, पण वाचला तो त्या दिवशी.

मागचे लोक पुढे सरकायला बघत होते. चिमणी पट्टीपासून बाजूला झाली. ती ओरडली असती, हातपाय आपटले असते तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आत्या, तू तर मोजलं होतंस."

बाहेर एकच बाक होता. तोच असणार, कारण तिथे बसताना ती थबकली. आम्ही तिघी ओळीने बसलो, मधे पिशवी. वरून गाडी जायची आणि आतली पोरं किंचाळायची. आत्या सारखं काहीतरी सांगत होत्या. सवयीने झालं, वाढ धरली गेली, जिभेलाच वळण आहे. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य आठ वर्षांच्या मुलीच्या कामाचं नव्हतं.

"चल, त्या होडीत बसू," शेवटी आत्या म्हणाल्या. "मी बसते तुझ्याशेजारी. पाण्यातली घसरण आहे, ती पण किती छान..."

"ते बाळांचे खेळ आहेत," चिमणी म्हणाली. "तूच म्हणालीस."

त्या होड्या खरंच चांगल्या होत्या. आधी खरं माप कळलं असतं, तर आम्ही बेतच त्या होड्यांचा केला असता, पोर भिजून, खिदळून घरी आली असती, आणि नागीण पुढच्या वर्षावर गेली असती. पण आता कुठल्याच खेळात ती बसली नाही. दुपारच्या आत आम्ही परतलो.

त्यानंतर भांडण असं झालंच नाही. चिमणी सुट्टीच्या दिवशी खाली जाऊन टेबलाखाली बसायची, बटणं रंगाप्रमाणे लावायची, ते हळूहळू बंद झालं. अभ्यास आहे, मैत्रीण येणार आहे, काही ना काही असायचं. नवा फ्रॉक म्हटलं की म्हणायची, "तयार आणू या ना." तयार कपड्यात माप घ्यावं लागत नाही, घालून बघता येतं. आत्यांना हे कळत होतं. मी समजूत घालायला गेले की त्या मशीन जोरात चालवायच्या.

धंद्यातही त्यांचा हात अडखळायला लागला. टेप लावला की काजबटणवालीला म्हणायच्या, "तू वाच." गिऱ्हाइकाला विचारायच्या, "वाढ धरायची का?" आया चिडायच्या. "विचारता काय आत्या? पोर आहे, वाढणारच!" आत्या मान डोलवायच्या आणि तरीही पुढच्या गिऱ्हाइकाला तेच विचारायच्या. मला त्यांचा रागही यायचा. एवढीशी चूक, किती दिवस उगाळायची? पण वरच्या मजल्यावर पोर त्यांच्याशी "हो", "नाही", "बरं" एवढंच बोलत होती, तिथे त्यांनी ती विसरायची तरी कशी?

आणि मग ती वाढली. डॉक्टर म्हणाले होते तशी, उशिरा, पण थांबायलाच तयार नाही. वर्षभरात चार फुटांची रेघ मागे पडली. आत्या एकदा वर आल्या, हात पुसत दारातच उभ्या राहिल्या. "आता नक्की आहे. पट्टीवर नेऊनच मोजू हवं तर. जाऊ या?"

चिमणीने पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. "आता काय करायचंय, आत्या? आमच्या वर्गातल्यांचं ते केव्हाच होऊन गेलं."

ती वाईट बोलली नाही. खरंच तसं होतं. आत्या "बरं बरं" म्हणत खाली गेल्या.

शाळेच्या शेवटच्या वर्षी निरोपाच्या समारंभाला तयार कपडा मिळेना. कारण एकच, बाईसाहेब आता सगळ्यांहून उंच. तेव्हा तीच म्हणाली, "आत्याकडे जाते." मीही मागोमाग गेले. आत्यांनी चष्मा पुसला, टेप तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच वाच, मी लिहिते." चिमणी एकेक आकडा वाचत गेली, आत्या लिहीत गेल्या. मधेच चिमणीने चौकटीकडे बघितलं. खडूची रेघ कधीच पुसली गेली होती, पण ती होती कुठे हे तिघींनाही माहीत होतं. ती आता तिच्या छातीशी आली असती.

"वाढ किती धरू?" आत्यांनी विचारलं.

चिमणी हसली. किती वर्षांनी ती त्या दुकानात हसली असेल. "आता कुठली वाढ, आत्या? झालं माझं वाढून."

"हो की," आत्या म्हणाल्या आणि पेन्सिल कानावर ठेवली.

चिमणी वर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "वहिनी, दीडच इंच होता हो. पोर वाढणारच होती. मलाच तेवढा धीर नव्हता." मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

ड्रेस सुरेख झाला. इतक्या वर्षांत आत्यांच्या हातचा एकही कपडा चिमणीच्या अंगावर असा नेमका बसला नव्हता. नेहमी खांदा उतरलेला, बाही लांब, घेर मोकळा. ती आरशासमोर गिरकी घेत होती आणि आत्या दारातून, आत न येता बघत होत्या. मी सवयीने खाली वाकून घेराची कड उलटून पाहिली. आत दुमड नव्हती.