थांबणाऱ्या पेशी

आत्याचं उजवं पाऊल पुढून अर्धं कापायचं ठरलं होतं आणि ते मला सगळ्यांत शेवटी कळलं. मी पॅथॉलॉजिस्ट. घाटकोपरच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या गाठी आणि जखमा सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसते. आणि इथे घरातली बाई तपासणी करून, कॅन्सरचा रिपोर्ट पिशवीत घालून, ऑपरेशनचा दिवस ठरवून मोकळी! वर म्हणाली, "तुला कशाला तरास?" मी फोनवरच तिला फैलावर घेतलं. मग फोन ठेवून रडले.

आई नोकरीला जायची, त्यामुळे मला वाढवलं ते मुलुंडला राहणाऱ्या या आत्यानेच. मराठवाड्यातून लग्न होऊन आलेली, आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर चौथ्या मजल्यावरच्या पोरी अभ्यासाला बसतील. जयंतीच्या मिरवणुकीत बायकांच्या लेझीमची पहिली रांग तिची. तिच्या तळपायाला कुरूप झालं, त्याची जखम झाली, ती महिनोन्‌महिने भरेना. कडा वाढून फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वर आल्या. पायाशिवायची आत्या मला कल्पनेतही उभी करता येईना.

मी तिच्या जखमेतून तपासणीला काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड मागवल्या आणि दार लावून बघायला बसले.

पहिल्या नजरेला माझंही धाबं दणाणलं. जिकडे बघावं तिकडे पेशी विभागत होत्या. पण नीट बघायला लागले तसा माझा श्वास जरा मोकळा झाला. पेशी विभागते तेव्हा तिच्यातली गुणसूत्रं मधोमध एका रांगेत येतात आणि दोन्ही बाजूंना सारखी ओढली जातात. दोघीजणी साडीची टोकं धरून घडी घालतात ना, अगदी तसं. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा तिसरीच कुणीतरी मधे घुसून ओढायला लागते. मग वाटण्या विषम होतात, काही धागे मागेच राहतात आणि विभागणी कातडीच्या पार वरच्या थरापर्यंत चालू राहते. इथे तसलं काहीच दिसेना. विभागणाऱ्या पेशी पुष्कळ होत्या, पण सगळ्या तळाच्या थराजवळ, आपापल्या जागी, आणि एकूण एक वाटणी सारखी. जखम भरणारी निरोगी कातडी अशीच दिसते. त्यातून तुकडा तिरका कापला गेला होता, म्हणून कातडी कॅन्सरमध्ये घुसते तशी आत खोल घुसल्यासारखी वाटत होती. चकवा बसेल अशीच स्लाइड होती ती.

मी सर्जनना फोन लावला.

"डॉक्टर म्हणून बोलताय की भाची म्हणून?" त्यांनी विचारलं.

राग मस्तकात गेला, पण प्रश्न बरोबर होता. नुसत्या सरळ विभागणीवरून कॅन्सर नाहीच असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हे मलाही माहीत होतं. ते पुढे म्हणाले, "साधी जखम असेल तर भरत का नाही?"

याचं उत्तर मला मुलुंडला मिळालं. संध्याकाळी आत्याकडे गेले. तिने चहाचा कप पुढे केला आणि माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. अंगठ्याच्या नखाभोवती काळा डाग होता, घासून न जाणारा. लहानपणी गावाकडे बायकांच्या हातांवर मी तो पाहिला होता.

"आत्या, बिब्बा लावतेस?"

"न्हाई बा."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

शपथ काही घेववेना तिला. म्हणाली, "कुरपाला बिब्बाच लागतो. माझ्या मायनं लावला, तिच्या मायनं लावला. डाक्टरला काय कळतं त्यातलं?"

बिब्बा दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि पाझरणारं काळं तेल गरम गरम कुरपावर सोडायचं. जखम भरत आली, कातडी जरा वर दिसली की हिला वाटायचं, कुरूप परत आलं. की पुन्हा चटका. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा!

"अगं, चांगल्या पेशी जखम भरेपर्यंत वाढतात आणि भरली की थांबतात," मी अक्षरशः ओरडले. "कॅन्सरच्या थांबत नाहीत. तू या बिचाऱ्यांना थांबूच देत नव्हतीस!"

तिने पाय जवळ ओढून बघितला. मग हळूच म्हणाली, "मंग आता थांबतील का गं?"

ते मलाही बघायचं होतं. सर्जनना सगळं सांगितलं, तेव्हा ते फोनवर मोठ्याने हसले आणि ऑपरेशन पुढे ढकललं. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, दर आठवड्याला ते स्वतःच सोडणार, जखम बघणार, नवीन घालणार. आत पुन्हा बिब्बा पोचू नये म्हणून; आत्याची खोड त्यांनी एकदा ऐकूनच ओळखली होती. जखम भरली नाही तर मात्र पाय काढायचा, हेही ठरलं.

ते आठवडे मी कसे काढले ते विचारू नका. दर वेळी जखम लहान दिसायची आणि दर वेळी मला वाटायचं, पुढच्या वेळी भरणं थांबलेलं असेल. मग एके दिवशी प्लास्टर सुटलं आणि तिथे गुलाबी, सपाट कातडी होती. फ्लॉवर गायब. सर्जननी तरीही पूर्वीच्या कडेचा नवा तुकडा घेतला. आमचं नातं ठाऊक नसलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे तो गेला, कारण तशी अटच मी घातली होती. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. लॅबमध्ये मी खुर्चीवरून उठून एवढ्या जोरात ओरडले की रिसेप्शनवरची बाई धावत आली. जिंकलो होतो आम्ही!

सर्जननी चालायची परवानगी दिली त्या दिवशी आत्याने मला हॉस्पिटलमधून थेट मुलुंड स्टेशनजवळच्या चपलेच्या दुकानात नेलं. दुकानातल्या पोराने रिवाजाप्रमाणे एकच चप्पल खोक्यातून काढून तिच्यापुढे ठेवली. आत्याने ती घातली, पाय इकडेतिकडे वळवून बघितला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुसरी पण काढ की रे. दोन्ही पाय हायेत मला."